सर्व्हरवरील स्क्रिप्ट जागती ठेवताना

एखाद्या वेबसाइटवर आपण आसनक्रमांक किंवा नाव भरून बटण दाबतो आणि काही क्षणांत उत्तराचे पान समोर येते. हे पान आधीपासून तयार करून ठेवलेले नसते. सर्व्हरवरील स्क्रिप्ट, म्हणजेच एक लहानशी आज्ञावली, आपली विनंती वाचते, डेटाबेसमधून माहिती काढते आणि त्याच वेळी पान रचून आपल्याकडे पाठविते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी अशा विनंत्या एकाच वेळी हजारोंच्या संख्येने येतात, तेव्हा पाने उघडण्यास विलंब होऊ लागतो. या विलंबाची कारणे अनेक असू शकतात. परंतु त्यांपैकी एक कारण असे आहे की, जे नीट समजून घेतल्यास बऱ्याचदा नवा सर्व्हर विकत न घेताही दूर करता येते. ते कारण म्हणजे प्रत्यक्ष कामापेक्षा कामाच्या पूर्वतयारीतच खर्च होणारा वेळ.

ही पूर्वतयारी टाळण्यासाठी स्क्रिप्ट एकदा सुरू करून ती जागती ठेवायची, असा उपाय गेली सुमारे तीस वर्षे वापरला जात आहे. त्यासाठी साधनेही पुष्कळ आहेत. मात्र त्यांतील सर्वांत वेगवान कोणते, हा प्रश्न निवडीसाठी पुरेसा नाही. जी प्रोसेस जिवंत राहते, तिला मागचे आठवत राहते. वेग या आठवणीतूनच मिळतो आणि धोकाही तिच्यातूनच निर्माण होतो. म्हणून आपल्या आज्ञावलीला किती आठवण पेलवेल, हे ठरविणे ही साधनाच्या निवडीची पहिली पायरी होय.

दर विनंतीला नवा जन्म

वेब सर्व्हरने बाहेरची आज्ञावली कशी चालवावी, याची पहिली सर्वमान्य पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'नॅशनल सेंटर फॉर सुपरकॉम्प्युटिंग ॲप्लिकेशन्स' या संस्थेत आकाराला आली. 'मोझॅक' हा ब्राउझर याच संस्थेने त्याच वर्षी लोकांपुढे आणला होता. या पद्धतीला 'कॉमन गेटवे इंटरफेस' अथवा 'सीजीआय' असे नाव मिळाले. तिची १.१ ही आवृत्ती वर्षानुवर्षे प्रचारात होती. औपचारिक दस्तऐवजाच्या रूपात ती 'आरएफसी ३८७५' म्हणून ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

सीजीआयची रचना अतिशय साधी आहे. विनंती आली की वेब सर्व्हर एक नवी प्रोसेस निर्माण करतो, विनंतीचा तपशील तिच्या हाती देतो, तिने छापलेला मजकूर ब्राउझरकडे पाठवितो आणि काम संपताच ती प्रोसेस नष्ट होते. पुढच्या विनंतीसाठी पुन्हा नवी प्रोसेस. बँकेच्या खिडकीवर प्रत्येक ग्राहकासाठी नवा कारकून नेमावा, त्याला नियमांचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लावावे, तिजोरीची किल्ली मागवून द्यावी आणि एका ग्राहकाचे काम होताच त्याला निरोप द्यावा, असा हा प्रकार आहे.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा या कामासाठी तेव्हा सर्वाधिक वापरली जात असे. पर्ल स्क्रिप्ट सीजीआयने चालविताना दर विनंतीला चार गोष्टी घडतात. पर्लचा इंटरप्रीटर मेमरीत येतो. स्क्रिप्ट आणि तिने मागविलेली सर्व मॉड्यूल्स वाचून कंपाइल होतात. डेटाबेसशी नव्याने जोडणी होते. आणि त्यानंतर कुठे खऱ्या कामाला प्रारंभ होतो. पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक वेळी अगदी त्याच असतात, तरीही त्या प्रत्येक वेळी नव्याने केल्या जातात.

या पद्धतीचा गुणही याच साधेपणात आहे. प्रोसेस संपली की तिच्याबरोबर तिची मेमरी, तिने उघडलेल्या फाइल्स आणि तिच्या चुका सारेच संपते. एका ग्राहकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडण्याची शक्यता कारकून बदलल्यामुळे आपोआपच मावळते. अर्थात, याचा अर्थ सीजीआय सर्वथा सुरक्षित आहे असा नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या 'शेलशॉक' या दोषाने, 'बॅश' या शेलपर्यंत पोहोचणाऱ्या सीजीआय स्क्रिप्ट्स बाहेरून ताब्यात घेता येतात हे दाखवून दिले. परंतु एका वाचकाची माहिती दुसऱ्याच्या पानात मिसळणे, हा दोष सीजीआयच्या रचनेत सहसा संभवत नाही.

आधी मोजमाप, मग साधन

स्क्रिप्ट जागती ठेवल्याने किती लाभ होईल, हे पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष काम यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. समजा, एका विनंतीच्या पूर्वतयारीस २०० मिलिसेकंद आणि प्रत्यक्ष कामास २० मिलिसेकंद लागतात. एका वेळी एकच विनंती हाताळली, तर सीजीआयने सेकंदाला चार ते पाच विनंत्या पूर्ण होतील. पूर्वतयारी वगळली तर ५०. हा फरक दहापटींहून अधिक आहे. आता समजा, पूर्वतयारी तेवढीच आहे, पण डेटाबेसमधील शोधालाच ९०० मिलिसेकंद लागतात. येथे ११०० चे ९०० झाले तरी वेळेची बचत जेमतेम १८ टक्के. अशा ठिकाणी नवे साधन आणण्याऐवजी डेटाबेसमध्ये योग्य इंडेक्स घातला, तर तो कितीतरी अधिक फळ देईल.

हे मोजणे कठीण नाही. लिनक्सवर 'टाइम' ही आज्ञा स्क्रिप्टच्या आधी लिहून ती चालविली की एकूण लागलेला वेळ कळतो. पर्लला 'मायनस सी' हा पर्याय दिला तर तो स्क्रिप्ट केवळ कंपाइल करून थांबतो. म्हणजे पूर्वतयारीचा मोठा हिस्सा वेगळा मोजता येतो. अपाचेसोबत येणाऱ्या 'एबी' या छोट्या प्रोग्रॅमने एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवून पाहता येतात. ही तीन मोजमापे हाती असल्याखेरीज साधनांच्या तुलनेत शिरू नये.

काही ठिकाणी सीजीआय आजही योग्य ठरते. गिट या प्रणालीतील कोड ब्राउझरमध्ये दाखविणारा 'सीगिट' आणि सर्व्हरवर देखरेख ठेवणारा 'नॅगिऑस कोअर' हे प्रोग्रॅम सीजीआयच वापरतात. ते 'सी' भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेले असल्याने त्यांना इंटरप्रीटरचा भार नसतो. दिवसातून पाच-पन्नास वेळा चालणाऱ्या एखाद्या कार्यालयीन फॉर्मसाठीही नवे साधन उभारण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

पर्लच्या जगातील तीन वाटा

वेग हवाच आहे असे ठरले की पुढचा प्रश्न, नेमके काय जिवंत ठेवायचे? केवळ इंटरप्रीटर, कंपाइल झालेला कोड, डेटाबेसची जोडणी, की आज्ञावलीतील माहितीसुद्धा? पर्लसाठी निघालेल्या तीन साधनांनी या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आणि पुढे अन्य भाषांतही थोड्याफार फरकाने हीच उत्तरे दिसू लागली.

पहिली वाट १९९६ मधील 'फास्टसीजीआय'ची. अमेरिकेतील 'ओपन मार्केट' या कंपनीने ही पद्धत मांडली. हिच्यात वेब सर्व्हर आणि आज्ञावली या दोन स्वतंत्र प्रोसेस असतात व त्या सॉकेटच्या मार्गे परस्परांशी बोलतात. आज्ञावली एकदा सुरू होते, पूर्वतयारी करते आणि मग 'विनंती घे, उत्तर दे' हे चक्र फिरवीत राहते. त्यासाठी स्क्रिप्टची रचना बदलावी लागते. एकदाच करायचे काम चक्राच्या बाहेर आणि दर वेळचे काम चक्राच्या आत, अशी विभागणी लेखकालाच करावी लागते. हा त्रास वाटला तरी तो उपकारक आहे. कारण काय टिकते आणि काय टिकत नाही, हे कोडमध्ये स्पष्ट दिसते. शिवाय आज्ञावली कोसळली तरी वेब सर्व्हर उभा राहतो आणि ती वेगळ्या युजरच्या नावे, इतकेच काय, वेगळ्या यंत्रावरही चालविता येते.

दुसरी वाट 'मॉडपर्ल'ची. हिचाही उगम १९९६ च्या सुमारास झाला आणि तिची २.० ही आवृत्ती २००५ मध्ये आली. येथे पर्लचा इंटरप्रीटर अपाचे सर्व्हरच्या पोटातच बसविलेला असतो. त्यामुळे केवळ पाने रचणेच नव्हे, तर युजरची ओळख पटविणे, पत्ते बदलणे, नोंदी ठेवणे अशा अपाचेच्या प्रत्येक टप्प्यात पर्लला हस्तक्षेप करता येतो. एवढी सत्ता दुसऱ्या कोणत्याच वाटेत नाही. पण अपाचेची प्रत्येक प्रोसेस त्यामुळे जड होते आणि एखादे लहानसे चित्र पाठविण्यासाठीही तीच जड प्रोसेस गुंतून पडते. म्हणून पुढे एक हलका सर्व्हर ठेवून चित्रे आणि संथ गतीच्या जोडण्या त्याच्याकडे सोपवाव्यात, ही रीत रूढ झाली. आणखी एक अडचण अशी की, एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट्स असतील तर सर्वांचा कोड अपाचेच्या एकाच युजरच्या नावे चालतो. सामायिक होस्टिंगवर मॉडपर्ल क्वचितच दिले जाई, त्यामागे हे मोठे कारण होते.

तिसरी वाट सर्वांत सोपी. 'स्पीडीसीजीआय', ज्याचे नाव पुढे 'पर्सिस्टंटपर्ल' असेही झाले, त्यात स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतील पर्लच्या जागी या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की काम होते. वेब सर्व्हर नेहमीप्रमाणे नवी प्रोसेस निर्माण करतो. पण ती 'सी' भाषेतील एक चिमुकली मध्यस्थ असते. ती मागे जागत असलेल्या पर्ल प्रोसेसला विनंती देते आणि उत्तर घेऊन परतते. पर्ल प्रोसेस ५०० विनंत्यांनंतर किंवा तासभर काम न मिळाल्यास आपण होऊन संपते. हे दोन्ही आकडे बदलता येतात. होस्टिंग कंपनीने वेब सर्व्हरला हात लावू दिला नाही तरी हे साधन वापरता येत असे, हा याचा मोठा गुण. परंतु त्याची २.२२ ही आवृत्ती २००३ मध्ये आली आणि त्यानंतर विकास थांबला. त्यामुळे जुन्या यंत्रणेत ते चालू असल्यास समजून घ्यावे, नव्या कामासाठी मात्र निवडू नये.

पीएचपीचा मध्यम मार्ग

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेल्या पीएचपी या भाषेने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. इंटरप्रीटर जिवंत ठेवायचा, परंतु प्रत्येक विनंतीच्या अखेरीस स्क्रिप्टमधील सारी माहिती पुसून टाकायची. कारकून तोच; पण प्रत्येक ग्राहकानंतर त्याचे टेबल कोरे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यास सीजीआयइतकाच साधा व्यवहार दिसतो आणि इंटरप्रीटर नव्याने सुरू करण्याचा वेळ मात्र वाचतो.

या रचनेत उरलेला खर्च म्हणजे दर वेळी कोड कंपाइल करण्याचा. तोही २०१३ च्या पीएचपी ५.५ मध्ये समाविष्ट झालेल्या 'ऑपकॅश'ने वाचविला. कंपाइल झालेला कोड तो सर्व प्रोसेसेसच्या सामायिक मेमरीत ठेवतो. या प्रोसेसेस सांभाळणारा 'पीएचपी-एफपीएम' हा व्यवस्थापक २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीपासून पीएचपीचा भाग झाला. तो वेब सर्व्हरशी फास्टसीजीआयच्याच भाषेत बोलतो. प्रत्येक वेबसाइटसाठी स्वतंत्र युजरच्या नावे स्वतंत्र 'पूल' करता येत असल्याने सामायिक होस्टिंगची अडचणही सुटते. मात्र त्याचे ९००० क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही खुले ठेवू नये. तेथवर थेट पोहोचणारा माणूस सर्व्हरवर हवा तो पीएचपी कोड चालवू शकतो.

या मध्यम मार्गातही एक पळवाट आहे. डेटाबेसची जोडणी कायम ठेवण्याचा पर्याय निवडला तर आधीच्या विनंतीने अर्धवट सोडलेला व्यवहार किंवा टेबलावर लावलेले कुलूप पुढच्या विनंतीच्या वाट्याला येऊ शकते. टेबल कोरे झाले, पण खण उघडाच राहिला, असे हे आहे.

जोडणीचे मानक आणि ॲप्लिकेशन सर्व्हर

या साऱ्या वाटांची एक सामाईक अडचण होती. मॉडपर्लसाठी लिहिलेला कोड फास्टसीजीआयवर जसाच्या तसा चालत नसे. साधन बदलायचे तर आज्ञावली बदलावी लागे. यावर पायथॉनच्या जगाने २००३ मध्ये 'डब्ल्यूएसजीआय' या मानकाचा तोडगा काढला. आज्ञावली म्हणजे विनंती घेऊन उत्तर परत करणारे एक फंक्शन, एवढाच करार त्यात आहे. ते फंक्शन कोण, कसे आणि किती प्रोसेसेसमध्ये चालवितो याच्याशी आज्ञावलीचा संबंध नाही. याच धर्तीवर रुबीसाठी २००७ मध्ये 'रॅक' आणि पर्लसाठी २००९ मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी 'पीएसजीआय' हे मानक व त्याला अनुसरून 'प्लॅक' हा साधनसंच तयार केला.

अशा मानकांमुळे 'ॲप्लिकेशन सर्व्हर' हा स्वतंत्र वर्ग उदयाला आला. पायथॉनसाठी 'गनिकॉर्न', रुबीसाठी 'युनिकॉर्न' आणि 'प्युमा', पर्लसाठी 'स्टारमन' ही त्यांतील परिचित नावे. त्यांच्या पुढे 'एनजिनएक्स'सारखा हलका वेब सर्व्हर ठेवला जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एनजिनएक्स स्वतः सीजीआय चालवीतच नाही. तो फास्टसीजीआय किंवा ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्याकडे विनंती सोपवितो. सीजीआयची सद्दी कशी ओसरली हे भाषांच्या इतिहासातही दिसते. पर्लमधील 'सीजीआय' हे मॉड्यूल २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीपासून मूळ संचातून वगळले गेले, तर पायथॉनमधील त्याच नावाचे मॉड्यूल ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले.

स्मरणाची किंमत

आता धोक्याकडे वळू. मॉडपर्लवर जुन्या सीजीआय स्क्रिप्ट्स चालविताना पूर्ण स्क्रिप्टभोवती एक फंक्शन गुंडाळले जाते. स्क्रिप्टच्या आत आणखी फंक्शन असेल आणि ते बाहेर घोषित केलेले व्हेरिएबल वापरत असेल, तर आतले फंक्शन पहिल्या विनंतीच्या वेळची किंमत धरून बसते. पहिल्या वाचकाचे नाव दुसऱ्याच्या पानावर उमटते. पर्ल त्याविषयी इशारा देतो, परंतु तो सर्व्हरच्या नोंदवहीत पडून राहतो. शिवाय दहा प्रोसेसेस असतील तर प्रत्येकीचा 'पहिला वाचक' निराळा. त्यामुळे दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही आणि 'आमच्याकडे तर नीट चालते' असे म्हणत तो दुर्लक्षिला जातो.

हा केवळ जुन्या काळाचा किंवा नवशिक्यांचा प्रश्न नाही. मार्च २०२१ मध्ये 'गिटहब' या जगप्रसिद्ध संकेतस्थळावर एका युजरला आपण दुसऱ्याच कुणाच्या खात्यात शिरलो असल्याचे आढळले. तपासाअंती कंपनीने जे जाहीर केले ते उद्बोधक आहे. त्यांचा ॲप्लिकेशन सर्व्हर युनिकॉर्न हा होता. वेग वाढविण्यासाठी तो विनंतीचा तपशील ठेवण्याचा कोश दर वेळी नवा न घेता तोच रिकामा करून पुन्हा वापरीत असे. एकाच थ्रेडवर काम चालले असताना यात काहीच गैर नव्हते. परंतु काही काम पार्श्वभूमीवरील दुसऱ्या थ्रेडकडे सोपविल्यावर तो थ्रेड आधीच्या विनंतीचा समजून पुढच्या विनंतीचा कोश हाताळू लागला आणि अत्यंत क्वचित प्रसंगी एकाचे सेशन दुसऱ्याच्या ब्राउझरकडे गेले. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशी सेशन्स ०.००१ टक्क्यांहून कमी होती. तरीही ८ मार्च रोजी तिने सर्व युजर्सची सेशन्स रद्द केली आणि दर विनंतीला नवा कोश घेण्याची सुधारणा सर्व्हरमध्ये करविली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही निर्णय आपापल्या जागी समंजस होते. कोश पुन्हा वापरणे योग्य होते आणि काम पार्श्वभूमीवर नेणेही योग्य होते. दोहोंच्या संगमावर मात्र चूक जन्मली. वाचविलेला वेळ होता एक कोश नव्याने घेण्याइतका, आणि पणाला लागला होता खात्यांचा खासगीपणा. बँक, रुग्णालय किंवा परीक्षा यांच्याशी संबंधित वेबसाइटवर असे घडले, तर त्याची भरपाई वेगाने होणार नाही.

मेमरी, जोडण्या आणि रीस्टार्ट

दैनंदिन व्यवस्थापनातही काही पथ्ये आहेत. पहिले मेमरीचे. किती प्रोसेसेस लागतील याचा अंदाज सोप्या गुणाकाराने येतो. सेकंदाला ५० विनंत्या आणि प्रत्येकीस ०.२ सेकंद, म्हणजे सरासरी १० प्रोसेसेस कामात असतील. गर्दीसाठी त्यांच्या दुप्पट-तिप्पट ठेवाव्यात. पण प्रत्येकीस ६० मेगाबाइट लागत असतील, तर ४० प्रोसेसेसना २४०० मेगाबाइट हवेत. मेमरी संपून हार्ड डिस्कचा आधार घ्यावा लागला की जागत्या स्क्रिप्टचा सारा वेग हरवतो. मोठी मॉड्यूल्स मूळ प्रोसेसमध्ये आधीच घेऊन मग तिच्या शाखा काढल्या, तर त्यांतील पुष्कळशी मेमरी सामायिक राहते.

मात्र शाखा काढण्यापूर्वी डेटाबेसची जोडणी उघडू नये. एकच जोडणी सर्व शाखांकडे गेली की उत्तरांची सरमिसळ होते. यादृच्छिक संख्यांचेही तेच. पर्लमध्ये मूळ प्रोसेसने अशी संख्या एकदा मागितली तर सर्व शाखा तोच क्रम पुढे चालवितात. सेशनचे क्रमांक त्यावरून बनत असतील तर दोन युजर्सना एकच क्रमांक मिळण्याची आपत्ती ओढवते.

दुसरे पथ्य जोडण्यांचे. मायएसक्यूएल मूळ रचनेत १५१ जोडण्या स्वीकारतो आणि पोस्टग्रेएसक्यूएल १००. चार सर्व्हर, प्रत्येकावर ४० प्रोसेसेस आणि प्रत्येकीची एक कायमची जोडणी धरली तर संख्या १६० होते. म्हणजे वेबसाइटवर फारशी वर्दळ नसतानाही डेटाबेसचे दार बंद होऊ शकते.

तिसरे पथ्य ठरावीक विनंत्यांनंतर प्रोसेस बदलण्याचे. थोडी थोडी मेमरी गळत असेल तर तिला त्यामुळे आळा बसतो. पीएचपी-एफपीएम आणि गनिकॉर्न या दोहोंत ही मर्यादा मूळ रचनेत शून्य, म्हणजे अमर्याद असते. ती आपणच घालावी लागते. मात्र हा गळतीवरील इलाज नव्हे, केवळ पथ्य आहे.

चौथे, बदललेल्या कोडचे. सीजीआयमध्ये फाइल बदलली की पुढच्याच विनंतीला नवा कोड चालतो. जागत्या प्रोसेसला जुनाच कोड आठवत असतो. ऑपकॅश मूळ रचनेत दर दोन सेकंदांनी फाइल बदलली का ते पाहतो. ॲप्लिकेशन सर्व्हर बहुधा पाहत नाहीत. म्हणून चालू विनंत्या न तोडता प्रोसेसेस बदलण्याची सोय साधनात आहे का, हे निवडीपूर्वी तपासावे.

निवड कशी करावी

वरील विवेचनावरून एक क्रम हाती येतो. वर्दळ अल्प असेल किंवा पूर्वतयारी नगण्य असेल, तर सीजीआय बदलू नये. पीएचपीची वेबसाइट असेल तर एफपीएम व ऑपकॅश ही जोडी बहुतेकांना पुरेशी आहे. पीएचपीलाही संपूर्ण जागती ठेवणारी 'स्वूल', 'रोडरनर', 'फ्रँकनपीएचपी' अशी साधने आज उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्याकडे वळताच पीएचपीचे कोरे टेबल आपण सोडून देतो, हे ध्यानात ठेवून मगच तो निर्णय घ्यावा. पायथॉन किंवा रुबीमध्ये नवे काम सुरू करताना मानकाला धरून लिहावे आणि प्युमा वा गनिकॉर्नसारखा सर्व्हर निवडावा. थ्रेड्सऐवजी स्वतंत्र प्रोसेसेसपासून प्रारंभ केल्यास सामायिक मेमरीचे पुष्कळ धोके टळतात.

पर्लमधील जुन्या सीजीआय स्क्रिप्ट्स असतील, तर त्या प्लॅकच्या साहाय्याने पीएसजीआयमध्ये गुंडाळून स्टारमनवर चालविता येतात. मॉडपर्ल ज्यांच्याकडे आधीपासून आहे आणि अपाचेच्या अंतर्गत टप्प्यांवर ज्यांना नियंत्रण हवे आहे, त्यांनीच तो चालू ठेवावा. वेब सर्व्हर आणि आज्ञावली वेगळ्या युजरच्या नावे चालविणे अनिवार्य असेल, तर फास्टसीजीआय हा अजूनही भक्कम पर्याय आहे.

कोणतेही साधन घेतले तरी ते लोकांपुढे आणण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. प्रोसेसेसची संख्या एकवर आणावी, एका युजरच्या नावे प्रवेश करून काही पाने उघडावीत आणि लगेच दुसऱ्या ब्राउझरमधून, प्रवेश न करता, तीच पाने उघडावीत. पहिल्याचे नाव, भाषा, निवड अथवा चुकीचा संदेश यांचा मागमूसही दिसता कामा नये. थ्रेड्स वापरले जात असतील तर एवढ्यावर न थांबता, एकाच वेळी वेगवेगळ्या युजर्सच्या नावे विनंत्यांचा मारा करून प्रत्येक उत्तर योग्य त्या युजरचेच आहे का, हे तपासावे. जागत्या स्क्रिप्टला उद्देशून लिहिलेल्या कोडमध्ये प्रत्येक व्हेरिएबल विनंतीच्या आरंभी नव्याने घोषित झालेले असावे आणि सर्वांसाठी खुले असे व्हेरिएबल केवळ न बदलणाऱ्या गोष्टींपुरतेच असावे.

'ॲमेझॉन'ने २०१४ मध्ये 'लॅम्डा' ही सेवा जाहीर केल्यापासून सर्व्हर सांभाळण्याचे कामही अनेकांनी दुसऱ्यांवर सोपविले आहे. तेथेही पहिल्या विनंतीस पूर्वतयारीचा वेळ लागतो, पुढच्या विनंत्यांस बहुधा तीच जागती आज्ञावली मिळते आणि तिच्यातील खुली व्हेरिएबल्स मागचे आठवत राहतात. साधनाचे नाव बदलले, तरी १९९६ मधील प्रश्न कायम आहे. म्हणूनच साधन निवडताना त्याने वाचविलेले मिलिसेकंद जसे मोजावेत, तशीच त्याच्या स्मरणात काय काय उरते याची यादीही शेजारी लिहून काढावी. ज्या साधनासाठी ही यादी पूर्ण लिहिता येते आणि ज्याचा वेग आपल्या गरजेला पुरतो, तेच साधन आपल्यासाठी योग्य समजावे.